यंत्र-प्रश्नोत्तरे : जुन्या लष्करी ट्रकची डिझेल लाइन

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये लिलावातून घेतलेल्या लष्करी गाड्यांविषयीची पत्रे सर्वांत जास्त होती. मराठवाड्यात शक्तिमान आणि निसान वन टन या गाड्या पाण्याचे टँकर म्हणून चालतात, काही ठिकाणी त्यांवर क्रेन चढवल्या आहेत. प्रश्न बहुतेक इंधनाचेच आहेत, म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे. पुढच्या वेळी पत्र लिहिताना चार गोष्टी जरूर लिहा : त्रास गाडी थंड असताना होतो की गरम, रिकामी असताना की भरलेली, धुराचा रंग कोणता, आणि बंद पडल्यावर किती मिनिटांनी पुन्हा सुरू होते. या चार उत्तरांत निम्मे निदान होऊन जाते.

प्रश्न : शक्तिमानवर पाण्याचा टँकर आहे. सपाट रस्त्यावर गाडी छान पळते. मांजरसुंब्याचा घाट भरल्या टाकीने चढायला लागलो की वीस-पंचवीस मिनिटांत पिकअप जातो, आचके बसतात आणि गाडी बंद पडते. दहा मिनिटे थांबलो की पुन्हा सुरू होते. मिस्त्री म्हणतात, इंजेक्शन पंप उतरवून कॅलिब्रेशनला (डिझेलचे माप तपासून बसवायला) पाठवा. पाठवू का? (बीड)

उत्तर : इतक्यात पाठवू नका. इंजेक्शन पंपाचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दाबाने डिझेल मोजून पाठवणाऱ्या पंपाचे, एलिमेंट (आतले दट्टे) झिजले असते तर दहा मिनिटे थांबल्याने ते भरून निघाले नसते. झिजलेला पंप गरम झाल्यावर गाडी सुरूच व्हायला त्रास देतो. थांबल्यावर बरी होणारी गाडी उपाशी राहते आहे, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत डिझेल पुरेसे पोहोचत नाही. शोध टाकीकडून सुरू करायचा आणि एकेक ठिकाण मोकळे करत पुढे जायचे.

सर्वांत आधी टाकीचे झाकण. झाकणात हवा आत घेण्याचे बारीक छिद्र असते. काळ्या मातीची धूळ आणि डिझेलचा ओलावा मिळून ते बुजते. जेवढे डिझेल बाहेर जाते तेवढी हवा आत आली नाही, तर टाकीत निर्वात तयार होतो आणि फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाला, ओढता येत नाही. सपाट रस्त्यावर इंजिनाला डिझेल कमी लागते म्हणून निभावते, घाटात निभावत नाही. गाडी आचके द्यायला लागली की बाजूला घ्या आणि लगेच झाकण उघडा. सूं असा आवाज करून हवा आत गेली आणि गाडी दहा मिनिटे न थांबता तिथल्या तिथे बरी झाली, तर दोष सापडला. छिद्र तारेने मोकळे करून झाकण डिझेलमध्ये धुवा. खर्च शून्य.

आवाज आला नाही, तर टाकीतला कचरा. गंजाचे पापुद्रे, चिंध्यांचे धागे, झाकणाच्या फाटक्या वॉशरचा तुकडा, हे सगळे टाकीत तरंगत असते. ओढ जोराची झाली की ते सक्शन पाइपच्या तोंडाला जाऊन चिकटते, इंजिन बंद झाले की सुटून खाली पडते. लक्षण हुबेहूब झाकणासारखेच, म्हणून इथे बरेच जण फसतात. तपासायचे असे : फीड पंपाकडे येणारा पाइप सोडा, टाकीचे झाकण उघडे ठेवा आणि सायकलच्या पंपाने पाइपमधून टाकीकडे हवा मारा. टाकीत बुडबुड्यांचा मोकळा आवाज यायला हवा. हवा मारल्यावर गाडी एक-दोन फेऱ्या चांगली चालली आणि मग पुन्हा तेच सुरू झाले, तर टाकी उतरवून धुतल्याशिवाय इलाज नाही. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब मात्र लावू नका, जुने सांधे त्याने उघडतात.

पुढचे ठिकाण फीड पंपाच्या तोंडाची जाळी. फीड पंपाखाली छोटी वाटी असते, तिच्यात तारेची बारीक जाळी. फिल्टर दर वेळी बदलणारे मालकही ही वाटी वर्षानुवर्षे उघडत नाहीत. उघडा, जाळी ब्रशने धुवा, वॉशर नवा घाला.

मग रबरी होज. बाहेरून चांगला दिसणारा होज आतून सुटलेला असू शकतो. ओढ वाढली की आतला थर मिटतो आणि वाट बंद होते. दहा वर्षांवरचा होज तपासत बसू नका, सरळ बदला.

आता पक्का पुरावा. वीस लिटरचा स्वच्छ कॅन बॉडीला बाहेरून, पंपापेक्षा उंच, घट्ट बांधा. त्यातून नवा पाइप थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा आणि रिटर्नचा (उरलेले डिझेल परत नेणारा) पाइपही त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर कॅन लवकर रिकामा होईल. कॅनच्या झाकणाला हवेसाठी छिद्र हवेच. कॅन केबिनमध्ये किंवा सायलेन्सरजवळ ठेवू नका. याच जोडणीने भरलेली गाडी तोच घाट चढली, तर दोष टाकी ते फीड पंप या पट्ट्यातच आहे. तरीही आचके आले, तर दोष फीड पंप, फिल्टर किंवा ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमध्ये (जादा डिझेल रिटर्नला सोडणाऱ्या झडपेत).

त्यासाठी शून्य ते चार किलोचा (किलो म्हणजे इथे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब) एक प्रेशर गेज घ्या. आधी तो फिल्टरच्या अलीकडे जोडून पाहा, मग पलीकडे. अशा लाइन-पंपाच्या (एलिमेंट एका ओळीत असलेल्या इंजेक्शन पंपाच्या) गॅलरीत, म्हणजे एलिमेंटना डिझेल पुरवणाऱ्या पोकळीत, साधारण १ ते १.५ किलो दाब असतो. लोडवर तो अर्ध्या किलोच्या खाली गेला तर इंजिन उपाशी आहे. फिल्टरच्या अलीकडे दाब भरपूर आणि पलीकडे कमी, तर फिल्टर चोंदला आहे. दोन्हीकडे कमी असेल तर रिटर्नचा रबरी पाइप क्षणभर चिमटून धरा. दाब झटकन वर गेला तर ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली आहे किंवा त्यात कचरा अडकला आहे. चिमटूनही वर गेला नाही तर फीड पंप. त्यातले दोन छोटे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या स्प्रिंगा काढून धुवा, बैठकीवर खड्डा पडला असेल तर किट बदला. फीड पंप उतरवण्याचे काम तासाभराचे आहे. इंजेक्शन पंप उतरवायचा म्हणजे टायमिंग पुन्हा बसवणे आले, बेंचचे (पंप तपासण्याच्या यंत्राचे) भाडे आले आणि गाडी आठवडाभर उभी राहिली. उन्हाळ्यात टँकर आठवडाभर उभा राहणे म्हणजे एखाद्या वस्तीचे पाणी बंद होणे. म्हणून हा क्रम सोडू नका.

प्रश्न : गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी हँड पंप (लाइनमध्ये हाताने डिझेल भरण्याचा पंप) मारल्याशिवाय सुरू होत नाही. एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही. कुठेही डिझेल गळताना दिसत नाही. (जालना)

उत्तर : गळताना दिसत नाही, हीच यातली खूण आहे. फीड पंपाच्या पुढच्या भागात दाब असतो, तिथला सैल सांधा डिझेल बाहेर टाकतो आणि दिसतो. मागच्या भागात ओढ असते. तिथला सैल सांधा चालू गाडीत हवा आत घेतो आणि बाहेरून कोरडाच राहतो. रात्री त्याच वाटेने हवा शिरते आणि लाइनमधले डिझेल हळूहळू टाकीत उतरते.

सकाळी सेल्फ मारण्याआधी हँड पंपाचे झटके मोजा. तीन-चार झटक्यांत तो कडक झाला तर लाइन भरलेली आहे आणि दोष दुसरीकडे आहे : बॅटरी, सेल्फचा वेग, नोझल (इंजेक्टरचे डिझेल फवारणारे टोक) किंवा कॉम्प्रेशन. पंचवीस-तीस झटके लागले तर लाइन रिकामी झाली होती.

एक फूटभर पारदर्शक नळी फीड पंपाच्या अलीकडे जोडा. इंजिन चालू असताना तिच्यात बुडबुड्यांची माळ दिसली तर हवा त्याच्याही मागून, टाकीच्या बाजूने येते आहे. आता एकेका सांध्यावर घट्ट ग्रीसचा जाड लेप द्या आणि प्रत्येक लेपानंतर दोन मिनिटे नळीकडे पाहा. ज्या लेपानंतर बुडबुडे थांबले तो सांधा दोषी. नळीत एकही बुडबुडा नसेल आणि लाइन तरी उतरत असेल, तर फीड पंपाचा व्हॉल्व्ह डिझेल धरून ठेवत नाही. हँड पंपाची मूठ खाली दाबून नीट आवळलेली आहे ना, तेही पाहा. ती अर्धवट सुटी राहिली तरी हवा जाते, आणि हा दोष जितक्या वेळा सापडतो तितक्या वेळा विसरलाही जातो.

बॅन्जो बोल्टखालचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर दर वेळी आवळून कडक होतात, मग धरत नाहीत. नवे मिळाले नाहीत तर जुने ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. तांबे पोलादाच्या उलट वागते, असे केल्याने मऊ होते. वरची काळी पापडी बारीक पॉलिश पेपरने काढून मग बसवा. सांध्यावर टेफ्लॉन टेप, सुतळी किंवा चिकट लांबी (पुटी) वापरू नका. तिचे तुकडे सुटून व्हॉल्व्हखाली जातात आणि एक दोष घालवताना दुसरा येतो.

सांधा दुरुस्त झाला की एअर काढायची. टाकी निदान अर्धी भरलेली ठेवा. पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू दोन आटे सोडा, हँड पंप मारत राहा, फेस जाऊन सलग डिझेल आले की मूठ खाली दाबलेली असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू. क्रम उलटा केला तर मागची हवा पुन्हा पुढे येते. शेवटी दोन-तीन इंजेक्टरच्या नटा अर्धा आटा सोडून सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये मिनिटभर थांबा. डिझेल झटक्याने उडू लागले की नटा आवळा. या वेळी चेहरा आणि हात लांब ठेवा. उच्च दाबाच्या पाइपची बारीक धार कातडीतून आत जाते आणि बाहेरून टाचणीएवढाच डाग दिसतो. तशी इजा झाली तर दुखत नाही म्हणून घरी थांबू नका, त्याच तासात दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेले आहे असे स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधा, बोटाने कधीही नाही.

प्रश्न : नवे डिझेल पातळ असते, जुन्या पंपाला चालत नाही असे सांगतात. काही जण त्यात रॉकेल, काही जण जळके ऑइल मिसळतात. काय करावे? (लातूर)

उत्तर : १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाच्या बीएस-६ मानकाचे डिझेल आहे, त्यात गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त नसते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण कमी होतो हे खरे. पण तो भरून काढणारे द्रव्य विक्रीपूर्वीच मिसळलेले असते, त्यामुळे अधिकृत पंपावरचे डिझेल जुन्या इंजेक्शन पंपाला चालते. फरक पडतो तो जुन्या, कडक झालेल्या रबरी सीलना. त्या झिरपू लागतात, आणि दोष डिझेलच्या नावावर जातो. सील बदला.

रॉकेल मिसळू नका. ते बेकायदा आहे, आणि त्याला वंगणगुण कमी असल्याने पंपाचे एलिमेंट त्यानेच झिजतात. जळक्या ऑइलमधली काजळी आणि धातूची कणी फिल्टर भरते आणि उरलेली नोझलवर बसते. डिझेल बॅरलमधून भरत असाल तर बॅरल रात्रभर न हलवता ठेवा आणि पाइपचे तोंड तळापासून चार बोटे वर ठेवून ओढा.

प्रश्न : निसान वन टन, पेट्रोल. मे महिन्यात दुपारी बाजारात पाच मिनिटे थांबवली की सुरू होत नाही. अर्ध्या तासाने होते. कार्बोरेटर दोनदा धुतला. (परभणी)

उत्तर : सगळे याला व्हेपर लॉक (पेट्रोलची वाफ होऊन वाट अडणे) म्हणतात, आणि परभणीच्या ४२-४३ अंशांच्या उन्हात तो शक्यही आहे. पण गरम झाल्यावर मरणारी इग्निशन कॉइल अगदी हेच लक्षण दाखवते, आणि कार्बोरेटर तिच्यापायी विनाकारण धुतला जातो. गाडी बंद असते त्याच क्षणी दोन गोष्टी पाहा. थंड झाल्यावर पाहून उपयोग नाही.

एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात पाहत ॲक्सिलरेटरची लिव्हर हाताने दोनदा झटक्याने हलवा. पेट्रोलची स्पष्ट पिचकारी आली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. (आसपास बिडी-काडी नको, हे इथे पुन्हा लिहिणे गरजेचे वाटते.) मग एका प्लगची वायर काढून, जुना प्लग लावून, त्याचे अंग इंजिनाला टेकवून सेल्फ मारा. हे कार्बोरेटरपासून दूर, एअर क्लीनर परत बसवल्यावर करा. ठिणगी निळी आणि टणक असावी. पिवळी, विझू विझू असेल किंवा नसेलच, तर दोष कॉइल किंवा कंडेन्सरचा आहे. इंधनाला हात लावू नका.

पिचकारी आली नाही आणि ठिणगी चांगली आहे, तर पेट्रोल वाटीपर्यंत येत नाही. फक्त पेट्रोल पंपावर आणि त्याच्या सक्शन पाइपवर ओला फडका गुंडाळा. दोन-तीन मिनिटांत सुरू झाली तर व्हेपर लॉक पक्का. हा डायफ्राम पंप इंजिनालाच बसवलेला असतो, म्हणजे गरम असतो, आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढीमुळे दाब कमी होतो, आणि कमी दाबात पेट्रोल कमी तापमानाला उकळते. पंप मग वाफ दाबत बसतो.

तिसरी शक्यताही आहे. पिचकारी येते, ठिणगी आहे, पण पेट्रोलचा भपकारा येतो. इंजिन बंद केल्यावर त्याच्या उष्णतेने वाटीतले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडले आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, पंपिंग न करता, तसाच धरून सेल्फ मारा. सुरू झाली तर कार्बोरेटरखाली बेकेलाइटचा जाड स्पेसर हवा.

व्हेपर लॉकवर इलाज : सक्शन पाइप सायलेन्सरच्या पाइपपासून दूर न्या. पंप आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा लावा, दोन्हीकडे बोटभर हवेची जागा ठेवून. पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये टी जोडून दीड मिलिमीटर छिद्राची एक रिटर्न नळी टाकीत परत सोडली तर पेट्रोल सतत फिरत राहते आणि वाफ टाकीत निघून जाते. या सगळ्यांत हा उपाय आम्हांला सर्वांत भरवशाचा वाटतो. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवायचा असेल तर ०.२ ते ०.३ किलो दाबाचाच घ्या. जास्त दाबाने कार्बोरेटरची नीडल (वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी सुई) उचलली जाते आणि पेट्रोल वाहू लागते. ऑइल प्रेशर गेले की पंप बंद होईल असा स्विच त्याच्या वायरिंगमध्ये हवाच, नाहीतर अपघातात पंप पेट्रोल टाकतच राहील.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ही गाडी बनली त्या काळातले रबर त्याने फुगते आणि मऊ पडते. डायफ्राम, नीडलचे टोक, होज हे सगळे इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी-इथेनॉलचा थर तळाशी वेगळा होतो, आणि सक्शन पाइप आधी तोच उचलतो. उभी ठेवायची गाडी रिकाम्या टाकीने ठेवा.

प्रश्न : लिलावातला शक्तिमान घेतला. तीन वर्षे उघड्यावर उभा होता. सुरू करण्याआधी इंधनाच्या बाजूने काय करू? (धाराशिव)

उत्तर : बॅटरी जोडण्याची घाई करू नका. जबलपूरला १९५९ पासून पुढे अनेक वर्षे बनलेल्या या गाडीचे इंजिन जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावरचे आहे आणि ते दणकट आहे. पण उभ्या गाडीत सर्वांत आधी बिघडतो तो इंजेक्शन पंप, आणि तिथली चूक जिवावर बेतू शकते.

पंपातला रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, गंजून किंवा जुन्या डिझेलच्या डिंकाने जागच्या जागी अडकते. ती भरपूर डिझेलच्या बाजूला अडकली असेल तर सेल्फ मारताच इंजिन सुटते, रेस वाढत जाते आणि चावी बंद करून ते थांबत नाही. म्हणून आधी पंपावरची स्टॉप लिव्हर हाताने हलवा. मऊ जायला हवी आणि सोडल्यावर स्प्रिंगने आपोआप परत यायला हवी. अडखळली तर पंपाचे बाजूचे झाकण उघडून एलिमेंटवर स्वच्छ डिझेल आणि पातळ तेल समभाग सोडा, दिवसभर मुरू द्या, मग हलक्या हाताने हलवा. हातोडी नाही. तरीही मोकळी झाली नाही तर हीच ती वेळ, पंप बेंचवर न्या. पंपाला स्वतःचे वेगळे ऑइल असेल तर लेव्हलचा स्क्रू सोडून तेही बदला.

पहिल्यांदा सुरू करताना हवा घेणाऱ्या पाइपचे तोंड मोकळे ठेवा आणि एक माणूस जाड लाकडी फळी घेऊन तिथे उभा करा. इंजिन सुटलेच तर फळीने तोंड पूर्ण बंद करायचे. कापड वापरू नका, ते आत ओढले जाते. तळहात तर कधीच नाही.

टाकी उतरवा. जुने डिझेल काढून बाटलीत दोन तास ठेवा : तळाशी पाणी, मध्ये काळा लिबलिबीत थर आणि वर डिझेल असे तीन भाग दिसले तर टाकीत पाण्यावर वाढणारी बुरशी आहे, आणि ती पाइप-फिल्टरमध्येही असणार. पोलादी टाकीतला गंज काढायला एका लिटर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून रात्रभर ठेवा. चिकट पापुद्रे निघायला आत नट टाकून टाकी हलवा, पण मोजून वीस टाका आणि मोजून वीस काढा. नंतर भरपूर पाणी, मग पाण्यात खाण्याचा सोडा, पुन्हा पाणी, उन्हात पूर्ण वाळवणे आणि लगेच डिझेल फिरवणे. वाळवल्यावर उघडी ठेवलेली टाकी एका रात्रीत पुन्हा गंजते. टाकीला छिद्र असेल तर वेल्डिंग करणाऱ्याकडे तशीच नेऊ नका. धुतलेल्या डिझेल टाकीतही वाफ राहते आणि ठिणगीने ती फुटते. हे काम टाक्यांचेच काम करणाऱ्याला द्या.

नवा पाइप टाकायचा झाला तर गॅल्व्हनाइज्ड घेऊ नका. डिझेल त्यावरच्या जस्ताशी हळूहळू प्रक्रिया करते आणि तो चिकटा नोझलपर्यंत जातो. साधा पोलादी पाइप चांगला. सगळे होज नवे, दोन्ही फिल्टर नवे, आणि पहिल्या पन्नास तासांनंतर फिल्टर पुन्हा नवे, कारण धुतलेल्या टाकीतूनही उरलेला गाळ सुटत राहतो.

प्रश्न : डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढते आहे. (नांदेड)

उत्तर : गाडी चालवणे आजच थांबवा. ऑइलमध्ये इंधन उतरते आहे, आणि पातळ ऑइलवर बेअरिंग जातात. डिपस्टिकचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाका : गडद ठिपक्याभोवती फिकट, रुंद कडे पसरले तर इंधन आहे. आधी वास घ्या. पेट्रोलच्या गाडीत पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटलेला असतो. डिझेलच्या गाडीत फीड पंपाच्या दांडीचे सील आणि इंजेक्शन पंपाचे एलिमेंट हे दोन संशयित. फीड पंप स्वस्त आणि सोपा, तो आधी उघडा. दुरुस्तीनंतर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

प्रश्न : इंजिन मिस मारते, काळा धूर. सहांपैकी कोणता सिलिंडर हे बेंचशिवाय कसे कळेल? (हिंगोली)

उत्तर : आयडलवर इंजिन ठेवा. एकेका इंजेक्टरची नट अर्धा आटा सोडा आणि फडक्याने झाका. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिनाची चाल लगेच बदलते. ज्याची नट सोडूनही काही फरक पडत नाही, तो आधीच काम करत नव्हता. दुसरी खूण : थंड इंजिन सुरू करून मिनिटभराने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सहाही शाखांवर पाण्याचा थेंब टाका. जिथला थेंब सर्वांत उशिरा उडतो तो सिलिंडर.

आता त्या सिलिंडरचा इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करा, खालचा तांब्याचा वॉशर नवा घालून. मिस शेजारी गेला तर नोझल दोषी. तिथेच राहिला तर पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह, उच्च दाबाचा पाइप किंवा कॉम्प्रेशन. पाइप काढून त्याची दोन्ही टोके पाहा. नट जास्त आवळून टोकाचा कोन आत दबला असेल तर भोक अरुंद होते आणि त्या सिलिंडरला कायम कमी डिझेल जाते. सहा पाइपांची लांबी मुद्दाम सारखी ठेवलेली असते, तेव्हा तुटलेल्या पाइपऐवजी जवळचा कुठलाही छोटा पाइप बसवू नका.

नोझल घेताना जुन्यावर कोरलेला नंबर वाचून तोच मागा. मॅनच्या या जातीच्या इंजिनात डिझेलचा फवारा पिस्टनमधल्या गोल खळग्याच्या भिंतीवर पसरवलेला असतो. दुसऱ्या गाडीचे नोझल त्याच जागेत बसते, गाडी सुरूही होते, पण फवारा भलत्या दिशेला जातो आणि तोच काळा धूर कायम राहतो. नोझल तपासणाऱ्याकडे सहाही एकाच वेळी न्या आणि उघडण्याचा दाब सर्वांचा पाच किलोच्या फरकाच्या आत आणून मागा. फवारा संपल्यावर नोझलच्या टोकाला थेंब लटकत असेल, तर दाब बरोबर असला तरी ते नोझल परत घेऊ नका.